श्रमाला प्रतिष्ठा देणारे कर्मवीर

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने ज्यांच्याविषयी सार्थ अभिमान बाळगावा, ते कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. पुढे ज्यांच्या संस्थेतून असंख्य मुले शिकून नोकरीधंद्याला लागली, त्या भाऊरावांना स्वतःला मात्र मॅट्रिकचा टप्पा गाठता आला नाही.

कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास उपस्थित राहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे डांबर प्रकरणात समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांचा अतोनात छळ झाला, तरी ते बधले नाहीत.

पदवी नाही, पाठीशी वशिला नाही, अशा तरुणाने पोट कसे भरावे? भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. त्यानंतर ओगल्यांच्या काच कारखान्याच्या मालाची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. अशा गिऱ्हाइकापुढे वाक्चातुर्य फार काळ टिकत नाही; पुन्हा पुन्हा त्याच्या बांधावर जावे लागते, दिलेला शब्द पाळावा लागतो आणि मुख्य म्हणजे त्याचे ऐकून घ्यावे लागते. या भ्रमंतीत बहुजनांच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांना जवळून दिसले. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

१९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम ही सारी कामे मुलेच करीत. येथे फुकटचे काही नव्हते आणि लाजिरवाणेही काही नव्हते. ज्याने स्वतःच्या हाताने भाकरी थापली, कुदळ धरली, तो पुढे कोणत्याही कचेरीत गेला तरी वेळेवर हजर राहणे, सोपवलेले काम पुरे करणे आणि हलक्या कामाला नाक न मुरडणे या गोष्टी त्याला वेगळ्या शिकवाव्या लागत नसत. ‘कमवा व शिका’ या योजनेचे खरे मोल शुल्क भागविण्यापेक्षा या सवयींत अधिक होते.

या कार्याची झळ घराला बसलीच. सौभाग्यवती लक्ष्मीबाई धर्मनिष्ठ जैन संस्कारांत वाढलेल्या. तरीही त्यांनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घातले आणि कोठार रिकामे झाले तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. चरित्रकारांनी त्यांच्यावर आणखी लिहावयास हवे होते.

पुढे १९३५ मध्ये अध्यापक प्रशिक्षणाचे विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण, तर पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी देऊन गौरविले. त्याच वर्षी दि. ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.