कापसाच्या गिरणीतून पोलादाकडे

तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीतल्या माणसाला कापूस कळतो. खाणी आणि खनिजे त्याला दूरची वाटतात. पण टाटांच्या पोलाद कारखान्याची वाट मात्र नागपूरच्या कापड गिरणीवरूनच गेली!

खनिज कंपनीच्या अहवालात बड्या अधिकाऱ्यांची ओळख छापलेली असते. कुणी खाण अभियंता, कुणी भूगर्भशास्त्रज्ञ. सर दोराबजी टाटांची अशी ओळख लिहायची तर काय लिहिणार? जन्म १८५९, मुंबई. केंब्रिजला दोन वर्षे, मग मुंबईत झेवियर्सची पदवी. पुढे ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये वार्ताहरी आणि त्यानंतर वडिलांच्या कापूस व्यवसायात प्रवेश. खाणीशी संबंध शून्य.

चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल जमशेटजींनी १८८२ मध्ये वाचला आणि त्यांना पोलादाचा ध्यास लागला. वीस वर्षांनी अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांना बोलावण्यात आले. दोराबजी त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडले. लोहाऱ्याचे खनिज चांगले निघाले, पण ते विखुरलेले होते, आणि जवळचा कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. निराश दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेबांना वेळ होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. ते ढल्ली-राजहराचे डोंगर! पाणी आणि कोळसा यांची सोय नसल्याने कारखाना तिथे झाला नाही. पण आशा पुन्हा जागी झाली.

१९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी पत्राने मयूरभंजचे खनिज कळवले. त्याच वर्षी जमशेटजी गेले. ध्यास मुलाच्या खांद्यावर आला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले.

खरी परीक्षा पुढेच होती. महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झाले आणि कंपनी कर्जात रुतली. १९२४ मध्ये तर पगाराला पैसे उरले नाहीत. दोराबजींनी आपली सारी संपत्ती इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहरबाईंचे दागिनेही त्यात होते. कारखाना बुडाला असता तर म्हातारपणी हे दांपत्य उघडे पडले असते. पण पगार झाले आणि कारखाना तगला.

१९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हते. त्यांनी जवळजवळ सारे धन विश्वस्त निधीला दिले आणि १९३२ मध्ये जर्मनीत डोळे मिटले. त्याच निधीतून १९४१ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. आज वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना त्याचा पत्ता तोंडपाठ आहे.

पदव्यांच्या रकान्यात यातले काहीच मावत नाही. खनिज ओळखणारी माणसे दोराबजींनी बाहेरून आणली. संकटात घरचे सोने काढून देणारा धनी मात्र त्यांना स्वतःलाच व्हावे लागले.