सहा वर्षांची शिक्षा, सहा दिवसांचा संप

२२ जुलै १९०८ रोजी रात्री दहाच्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी बाळ गंगाधर टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी टिळकांच्या वयाला बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. बाहेर पाऊस होता आणि लोकही होते. म्हणूनच सरकारने त्यांना रातोरात शहराबाहेर काढून खास गाडीने अहमदाबादजवळच्या साबरमती तुरुंगाकडे रवाना केले. सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा ज्यांच्यासाठी ती रस्त्यावर उतरणार होती ते गृहस्थ शहरात नव्हतेच.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली झाली आणि १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिली करण्याऐवजी विष्णुशास्त्री चिपळूणकर व आगरकर यांच्यासमवेत न्यू इंग्लिश स्कूल उभारले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. कोर्टाशी मात्र त्यांचा संबंध जन्मभर सुटला नाही. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये आगरकरांसह त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या वेळी सहा युरोपियन ज्यूरींनी त्यांना दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. ताईमहाराज प्रकरणात खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये रद्द केली. निकाल विरुद्ध गेला तरी कायद्याच्याच वाटेने पुढे जायचे, हा त्यांचा बाणा होता. त्यांच्या नावाने मुंबईत दगड उडाले ही म्हणूनच मोठी विसंगत गोष्ट वाटते, आणि तिची कारणे त्यांच्यापेक्षा शहरात शोधावी लागतात.

प्रथम खटल्याविषयी. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला व त्यात दोन युरोपियन स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यावर ‘केसरी’त लेख आले. बाँबचा निषेध होताच, पण सरकारी दडपशाही थांबल्याखेरीज असे प्रकार थांबणार नाहीत, हे प्रतिपादनही होते. २४ जून रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली. जामिनासाठी महंमद अली जीना उभे राहिले. अर्ज दावरांनी फेटाळला. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजींपुढे युक्तिवाद करून तो मिळवून देणारे बॅरिस्टर हेच दावर होते. बॅरिस्टराचे मत आणि न्यायाधीशाचे मत एकच असले पाहिजे असे नाही, हे खरे. पण मुंबईकरांच्या नजरेतून हा योगायोग सुटणे शक्य नव्हते.

१३ जुलैस सुनावणी सुरू झाली. खास ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. टिळकांनी स्वतःच बचाव केला; त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातील फार मोठा भाग भाषांतरावर खर्च झाला. ज्या मराठी लेखांवरून खटला उभा होता ते मुळातून वाचू न शकणाऱ्यांपुढे त्यांचे सरकारी इंग्रजी रूपांतर ठेवले होते. मराठी शब्दाचा अर्थ, त्याची छटा, वृत्तपत्री लेखनाची रीत, हे सारे टिळक एकेक करून समजावीत राहिले. परदेशात राहून रोज दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या खटल्याचा हा भाग सर्वांत जवळचा वाटावा. दुसऱ्याने केलेल्या भाषांतरासाठी सहा वर्षे भोगणे म्हणजे काय, याची आपण फार तर कल्पना करू शकतो. अखेर ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी दुभंगली, आणि ती कुठे दुभंगली हे कुणाला सांगण्याची गरज नव्हती.

खटला चालू असतानाच गिरण्यांमध्ये काम बंद पडू लागले होते. निकालानंतर २३ जुलैपासून बाजार व गिरण्या बंद झाल्या आणि हा संप २८ तारखेपर्यंत चालला. दर वर्षाच्या शिक्षेला एक दिवस, असा हिशेब लोकांनी केला होता असे सांगतात. मुळजी जेठा कापडबाजार ओस पडला; परळ–लालबाग परिसरात मजुरांचे जमाव निघाले, दगडफेक झाली, लष्कर बोलावण्यात आले आणि गोळीबार झाला. प्रथम गिरणगावात, नंतर शहराच्या आतल्या वस्तीत. सरकारी आकड्यांनुसारही पंधराच्या आसपास माणसे ठार झाली आणि जखमींची संख्या त्याहून मोठी होती. जमावाच्या हातून निरपराध युरोपियनांवरही दगड पडले, हेही नोंदवले पाहिजे. दंगल ही दंगलच असते.

पण ती का झाली? गिरणी कामगारांपैकी फारच थोड्यांना ‘केसरी’ वाचता येत असे. ज्याला वाचता येई तो चाळीत मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. या मजुरांतले असंख्य रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले, टिळकही तिथलेच. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तानंतरही काम चालू लागले. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्याविरुद्ध मजुरांनी आधीच आवाज उठवला होता. त्यात स्वदेशीची चळवळ आणि दारूबंदीच्या सभा यांमुळे टिळकांचे नाव चाळीचाळींत पोहोचले. अंगात मुरलेल्या कामाच्या रागाला न्यायालयातल्या निकालाने एक तारीख आणि एक नाव दिले. माझ्या मते १९०८ ची दंगल एवढीच आहे, आणि हे काही थोडे नाही. त्याच वर्षी परागंदा असलेल्या लेनिनने या संपाची दखल घेऊन हिंदी कामगार राजकीय लढ्यास सिद्ध झाल्याचे लिहिले. 

काळ्या पाण्याची शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली आणि टिळकांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यातला दाह, जडलेला मधुमेह. तिथे १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सुटकेच्या वेळी ही हस्तलिखिते सरकारने अडकवून ठेवली होती. ती परत मिळाल्यावर १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची वार्ता त्यांना तुरुंगातच मिळाली. जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले.

पुढचे दोन निकाल निराळे ठरले. १९१६ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवशी सद्वर्तनाचा वीस हजारांचा जामीन देण्याविषयी नोटीस आली; जीनांनी उच्च न्यायालयात लढून तो हुकूम रद्द करवला. नंतर १९१९ मध्ये लंडनला व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकाराविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा टिळक हरले. खर्चाचा डोंगर झाला. या वेळी मात्र कोणी दगड उचलला नाही. लोकांनी निधी गोळा करून दिला. लंडनमधील हाऊली प्लेस येथील ज्या घरी ते तेव्हा राहत त्यावर आज त्यांच्या नावाची पाटी आहे. मेडा व्हेल भागात जाणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

१ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहातच त्यांचे निधन झाले. भर पावसात लाखोंच्या गर्दीत गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी देण्यात आला. ज्या दालनात १९०८ चा निकाल लागला तिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छगला यांनी शिलालेखाचे अनावरण केले. शिक्षा ऐकल्यावर टिळक जे बोलले ते त्यावर कोरलेले आहे. जुलै १९०८ मध्ये लष्कराच्या गोळ्यांनी मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव तिथे नाही.