गव्हाचा शास्त्रज्ञ, गुलाबाचा माळी

गुलाब म्हटला की पंडित नेहरूंच्या शेरवानीवरचे लाल फूल डोळ्यांपुढे येते. पण भारताच्या उन्हात तग धरणारे गुलाब भारतातच तयार व्हायला हवेत, या ध्यासाने ज्यांनी उभा जन्म घालवला त्या डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा चेहरा आपल्यापैकी किती जणांना आठवतो? कृषिविज्ञानाच्या जगात मात्र हे नाव फार मोठे आहे.

मी राहते मुळशी तालुक्यातल्या लवळ्याला. पावसाळ्यात इथले डोंगर हिरवेगार असतात. एप्रिल उजाडला की मुरमाड जमीन तव्यासारखी तापते. थंडीत ओंजळीएवढी फुले देणारे माझ्या अंगणातले गुलाबाचे झाड वैशाखात रुपयाएवढी फुले देते, आणि त्यांच्याही पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत करपतात. असे का होते, याचा शोध घेता घेता मी पालसाहेबांपर्यंत पोचले.

त्यांचा जन्म २६ मे १९०६ चा, पंजाबातल्या मुकंदपूरचा. वडील डॉक्टर. नोकरीनिमित्त कुटुंब ब्रह्मदेशात गेले. मेम्यो या थंड हवेच्या गावी शाळेत शिकताना या मुलाला दोन वेड लागले, एक चित्रकलेचे आणि दुसरे गुलाबाचे. दोन्ही जन्मभर टिकली. रंगूनला वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले. गव्हाच्या संकराचे मोठे जाणकार बिफेन आणि एंग्लडो यांच्या हाताखाली काम करून १९३३ मध्ये ते डॉक्टरेट घेऊन परतले आणि बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढच्याच जानेवारीत बिहारला भीषण भूकंपाचा तडाखा बसला. पुसाची इमारत ढासळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. पालसाहेबांची कर्मभूमी तेव्हापासून दिल्लीच झाली.

तांबेरा म्हणजे काय, हे गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भरात आलेले पीक हा रोग बघता बघता खाऊन टाकतो. पालसाहेबांनी वर्षानुवर्षे गव्हाचे संकर केले आणि १९५४ मध्ये तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला तोंड देणारा एन. पी. ८०९ हा वाण दिला. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. दुष्काळाचे, रेशनच्या रांगांचे आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाचे ते दिवस. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. बोरलॉग, स्वामिनाथन आणि असंख्य शेतकरी या कामाला भिडले, आणि सहा-सात वर्षांत देशातले गव्हाचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले.

त्याच १९६६ साली पालसाहेबांचा भारतातील गुलाबांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकांच्या पोटात अन्न नाही आणि हे गुलाबांत रमले, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेतातल्या गव्हाला आणि अंगणातल्या गुलाबाला त्यांनी एकच न्याय लावला. परक्या हवेत वाढलेला वाण आपल्याकडे आणून लावला, एवढ्याने भागत नाही. आपले ऊन, आपला पाऊस आणि आपले रोग सोसेल असा वाण आपणच घडवावा लागतो.

हे घडवणे चिकाटीचे काम असते. कळी उमलण्यापूर्वी तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग तिच्यावर लावायचे आणि फूल पिशवीने झाकायचे. मग फळ पिकेपर्यंत काही महिने वाट पाहायची. त्यातली प्रत्येक बी निराळी निघते. शेकडो रोपांतून मोजकी निवडायची, ती उन्हात आणि पावसात पारखायची, आणि जे झाड टिकेल त्याचे डोळे खुंटावर भरून त्याची वाढ करायची. एका गुलाबामागे अशी कितीतरी वर्षे जातात. पालसाहेबांनी अशा जाती एकामागून एक दिल्या. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ या त्यांतल्याच. १९६६ च्या विमान अपघातात गेलेल्या डॉ. होमी भाभांचे नाव त्यांनी एका शुभ्र गुलाबाला दिले. शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञाला वाहिलेली अशी फुले जगात थोडीच असतील.

त्यांनी लग्न केले नाही. बोगनवेलही त्यांची लाडकी. १९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पर्यावरणासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षही झाले. १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १४ सप्टेंबर १९८९ रोजी ते गेले. जाताना आपली मालमत्ता आणि जिवापाड जपलेले गुलाब त्यांनी दिल्लीच्या संस्थेच्या पदरात टाकले.

आपण घरी काय करावे? सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा गुलाबाला द्यावी. आळ्यात शेणखत घालून वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे. उन्हाळ्यात पहाटे भरपूर पाणी द्यावे, पावसाळ्यात मात्र मुळाशी पाणी साचू देऊ नये. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी करावी, आणि डोळ्याच्या खाली खुंटाला येणारी फूट वेळीच मोडावी. नाहीतर खुंटच माजतो आणि कलम मरते.

आणखी एक करावे. नर्सरीत गेल्यावर नुसता लाल किंवा गुलाबी गुलाब न मागता त्याच्या जातीचे नाव विचारावे आणि इथल्या हवेत निपजलेली जात आहे का, याची चौकशी करावी. माणसे मागतात तेच माळी जपतात. कुणी विचारलेच नाही, तर एका माणसाने वर्षानुवर्षे खपून घडवलेले फूल गाजावाजा न होता नाहीसे होईल. आणि फुलाची जात एकदा गेली की ती कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही.