पेडण्याचे भाऊसाहेब आणि आपल्या लेकींची शाळा

श्रीगणेश हा विद्येचा दाता. चवथीला घरातल्या मुलाबाळांची वह्यापुस्तके आपण त्याच्यापुढे ठेवतो, तेव्हा मुलगा-मुलगी असा भेद आता कोणी करत नाही. आपल्या पेडणे-डिचोलीच्या गावांत हा भेद साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपर्यंत सर्रास होता. तो मिटवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण उर्फ भाऊसाहेब बांदोडकर. त्यांच्याविषयी बोलताना आपण कूळ कायदा, खाणी आणि विलीनीकरणाचा वाद एवढेच बोलतो. स्त्रीशिक्षणाच्या अंगाने त्यांचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. या अंकाच्या निमित्ताने तसा प्रयत्न करतो आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षण फार झाले नाही. लहान वयातच पोटापाण्याच्या उद्योगाला लागावे लागले. छोटे-मोठे व्यवसाय करत ते पुढे खाण व्यवसायात आले आणि त्यात त्यांनी चांगला जम बसवला. पैसा आला तसा हातही सैल राहिला. देवळे, शाळा, गरीब विद्यार्थी, कलाकार आणि खेळाडू यांना त्यांनी केलेल्या मदतीच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात. ज्याचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, त्याला दुसऱ्याच्या शिक्षणाची किंमत अधिक कळते, हे त्यांच्या बाबतीत खरे ठरले.

भाऊसाहेब ज्या समाजातून आले तो गोमंतक मराठा समाज. या समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेला बांधल्या गेल्या होत्या. गाणे आणि नृत्य ही त्यांची परंपरा. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई अशा थोर गायिका याच परंपरेने देशाला दिल्या. पण ज्यांच्या नशिबी असा लौकिक नव्हता, त्या शेकडो मुलींच्या वाट्याला उपेक्षाच आली. विसाव्या शतकात या समाजातील सुधारकांनी संघटना उभारली. मुलींना देवळाच्या बंधनातून सोडवून शाळेत घालावे, त्यांचे रीतसर विवाह व्हावेत, यासाठी ते झटले. राजाराम पैंगीणकर हे त्यांतले एक ठळक नाव. मुलीच्या हाती पाटी आली तर एका पिढीत घराचा कायापालट होतो, ही गोष्ट भाऊसाहेबांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती त्यांच्या भोवतीच घडत होती.

तेव्हाचा गोवा कसा होता हेही लक्षात घ्यायला हवे. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले होते. इथे राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज आणि लिसेव पणजीला. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हापासून हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून मराठी शाळा चालवल्या. कुठे देवळाच्या मंडपात, कुठे कोणाच्या ओसरीवर. त्या मास्तरांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण या शाळा थोड्या होत्या, आणि कुळांच्या मुलींनी तिथवर जायचे म्हणजे दोन-दोन डोंगर ओलांडायचे. मुक्तीच्या वेळी गोव्यात साधारण तीनांपैकी दोन माणसे निरक्षर होती. बायकांची स्थिती याहून वाईट होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची स्थापना झाली आणि डिसेंबरमधली पहिली विधानसभा निवडणूक या पक्षाने जिंकली. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते. तरीही मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचीच निवड झाली. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी सूत्रे घेतली.

त्यांच्या सरकारने प्राथमिक शाळा गावोगावी नेल्या. इमारत होईपर्यंत थांबायचे नाही, असे धोरण होते. जागा मिळेल तिथे वर्ग सुरू झाले. शेजारच्या महाराष्ट्रातून शिक्षक आले. मांद्रे, हरमल, धारगळ, इब्रामपूर, मये, मेणकुरे, लाटंबार्से अशा गावांत आणि त्यांच्या वाड्यांवर मराठी शाळेची घंटा वाजू लागली. माध्यमिक शाळांसाठी गावच्या शिक्षण संस्थांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. आज आपल्या तालुक्यांत दिसणारी अनेक हायस्कुले अशा गावकऱ्यांच्या संस्थांनीच चालवलेली आहेत.

ही शाळा फक्त मुलींसाठी नव्हती. तरीही तिचा जास्त फायदा मुलींना झाला असे मला वाटते. मुलगा लांबच्या शाळेत जात होता, पाहुण्यांकडे राहून शिकत होता. मुलीला तशी परवानगी नव्हती. शाळा हाकेच्या अंतरावर आली तेव्हाच तिला उंबऱ्याबाहेर पडता आले.

माझ्या घरचेच उदाहरण देतो. आई पेडणे महालातल्या एका वाड्यावरची. मुक्तीनंतर गावात वर्ग सुरू झाला तेव्हा ती त्यात बसली आणि चौथी झाली. पाचवीसाठी लांब चालत जावे लागत होते, म्हणून तिथेच थांबली. धाकटी मावशी मोठी होईपर्यंत हायस्कूल जवळ आले होते. ती मॅट्रिक झाली आणि पुढे नोकरीलाही लागली. दोघी एकाच आईबापाच्या मुली, घरची गरिबीही तीच. फरक होता तो चार-पाच किलोमीटरचा. पुढे सरकारी नोकरीत जुनी कागदपत्रे हाताळताना मला हेच दिसत राहिले. एकाच कागदावर सासूचा अंगठा आणि खाली सुनेची सही.

कूळ कायद्याचाही या गोष्टीशी संबंध आहे. १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. ज्या घराला उद्या जमिनीवरून काढून टाकतील ही धास्ती असते, त्या घरातली मुलगी भाटकाराच्या कामाला जाते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळते. पायाखालची जमीन थोडी स्थिर झाली, तेव्हा ती शाळेत पोचली.

भाऊसाहेबांच्या वाटेत अपयशही आले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांचे स्वप्न होते. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांचे सरकार पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात फूल हरले आणि दोन पाने जिंकली. सुमारे चौतीस हजार मतांचा फरक पडला. ज्या ध्येयासाठी पक्ष काढला तेच हरल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. भाऊसाहेब काही महिन्यांतच पुन्हा निवडणुकीला सामोरे गेले आणि जिंकले. त्यांचा कारभार एकहाती असे, अशी टीका होत असे. १९७० मध्ये पक्षात बंडही झाले. तरी १९७२ साली लोकांनी त्यांनाच तिसऱ्यांदा निवडून दिले. सामान्य बाईमाणसांचा त्यांच्यावरचा विश्वास ढळला नव्हता.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्या मागून त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशात मुख्यमंत्री झालेल्या त्या तिसऱ्या महिला. वडिलांच्या पुण्याईवर पद मिळाले असे म्हणणारे होते. पण त्या १९६७ पासून आमदार होत्या आणि १९७२ पासून मंत्रिमंडळात होत्या. मुंडकार कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक करणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. पुढे शिक्षणमंत्री म्हणून १९९० साली त्यांनी मराठी-कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आणले. आपल्या मुलीला राजकारणात पुढे येऊ देणारा बाप त्या काळी विरळाच होता.

आता जरा आपल्याकडे पाहू. भाऊसाहेबांच्या काळात सुरू झालेल्या प्राथमिक शाळांपैकी अनेक शाळांचा पट आज दोन आकडीही राहिलेला नाही. काही बंद झाल्या, काही जवळच्या शाळेत विलीन झाल्या. त्याचा दोष एकट्या सरकारला देता येणार नाही. आपण सर्वांनी आपली मुले शहरातल्या इंग्रजी शाळांत घातली. माझी मुलगीही त्यांतलीच आहे, तेव्हा इतरांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण वाड्यावर अजून अशी घरे आहेत, मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची घरेही आहेत, जिथली मुलगी शाळा लांब गेली तर घरीच बसेल. आपल्याकडे गाडी आहे, तिच्याकडे पायच आहेत.

उत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग दरवर्षी अशा एका शाळेसाठी बाजूला काढता येईल. पुस्तके, छपराची डागडुजी, आठवीनंतर लांब जाणाऱ्या मुलींच्या बसचे पैसे, अशी कामे लहान असली तरी मोलाची आहेत. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस दिला तरी पुष्कळ होईल. भाऊसाहेबांच्या पुतळ्याला हार घालण्याबरोबर हेही करू या. विद्येच्या देवतेची यापेक्षा वेगळी सेवा ती कोणती?

॥ गणपती बाप्पा मोरया ॥