डी. डी. कोसंबी: चार पानांत जनुकांचं अंतर मोजणारा गणिती

गहू, भात किंवा टोमॅटोच्या जनुकांचा नकाशा तयार करणारं सॉफ्टवेअर उघडलं, की ते बहुतेक वेळा एक प्रश्न विचारतं: अंतर कोणत्या सूत्राने काढू, हाल्डेन की कोसंबी? जगभरचे संशोधक रोज यातला एक पर्याय निवडतात. पण हे कोसंबी म्हणजे इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबीच, हे अनेकांना ठाऊक नसतं. आज त्यांच्याबद्दल, आणि त्या सूत्राबद्दलही.

गोवा, हार्वर्ड, पुणे

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन गावी झाला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. त्यांच्याबरोबर १९१८ मध्ये मुलगा अमेरिकेत गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतला. बनारस आणि अलीगढला शिकवून झाल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचा मूळ विषय भूमिती. पण नाण्यांची झीज असो की जीवशास्त्र, जिथे मोजता येईल तिथे गणित लावून बघायचं, हा त्यांचा स्वभावच होता.

आता ठाकूरद्वारच्या नाक्यावर या

सूत्र समजायला एक कल्पना करू. एक माणूस ठाकूरद्वार नाक्यावरून प्रार्थना समाजाकडे चालत निघालाय. वाटेत मनात येईल तेव्हा तो रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जातो. तुम्ही प्रार्थना समाजाजवळ उभे आहात. तो पलीकडच्या फुटपाथवर दिसला, तर त्याने एकदा रस्ता ओलांडला असणार (किंवा तीनदा). पण निघालेल्याच फुटपाथवर दिसला तर? कदाचित ओलांडलाच नसेल, कदाचित दोनदा ओलांडून परत आला असेल. तुम्हाला कळणार नाही.

बीजपेशी बनताना नेमकं हेच होतं. आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र जोडीने येतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. दोन जनुकांमध्ये एक अदलाबदल झाली तर पुढच्या पिढीत त्यांची जोडी बदललेली दिसते. दोन झाल्या तर जोडी पूर्वीसारखीच दिसते, म्हणजे त्या मोजणीतून निसटतात. त्यामुळे जनुकं कितीही लांब असली तरी बदललेल्या जोड्यांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जात नाही. मग खरं अंतर काढायचं कसं?

हाल्डेन यांनी १९१९ मध्ये सोपं गृहीतक धरलं: प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र, एकीचा दुसरीवर परिणाम नाही. पण प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली, की तिच्या लगत दुसरी होण्याची शक्यता बरीच घटते. आत्ताच रस्ता ओलांडलेला माणूस दोन पावलांत परत फिरत नाही, तसंच.

कोसंबींनी काय केलं?

त्यांनी ही अडवणूक गणितात आणली. जनुकं अगदी जवळ असतील तर अडवणूक पूर्ण, लांब असतील तर शून्य, आणि मधल्या भागात ती सरळ प्रमाणात कमी होते, असं धरलं. मग अंतर किंचित वाढवलं तर बदललेल्या जोड्या किती वाढतील, याचं डिफरन्शियल समीकरण मांडून सोडवलं. उत्तर एका ओळीचं आलं. बदललेल्या जोड्यांचं प्रमाण 'र' असेल, तर:

अंतर = २५ × नैसर्गिक लॉग [(१ + २र) ÷ (१ − २र)]

उत्तर सेंटीमॉर्गन या एककात मिळतं. फरक किती पडतो बघा:

- र = ०.१० असेल तर हाल्डेन ११.२, कोसंबी १०.१
- र = ०.३० असेल तर हाल्डेन ४५.८, कोसंबी ३४.७

रोगप्रतिकारक जनुक शोधणाऱ्यासाठी ११ सेंटीमॉर्गनचा फरक म्हणजे चुकीच्या गल्लीत शोध घेण्यासारखं. हा निबंध १९४४ मध्ये लंडनच्या अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्समध्ये आला. लांबी फक्त चार पानं. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती. अडवणूक का होते हे सूत्र सांगत नाही. ते एक चांगला अंदाज आहे, आणि अनेक सजीवांत तो बऱ्यापैकी जुळतो.

मुंबई, आणि शेवट

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. संस्था आधी पेडर रोडला होती, मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली. कोसंबी डेक्कन क्वीनने पुण्याहून ये-जा करत. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ आला. पण १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा एका शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही आणि गणितींमधली त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

गणितातल्या सगळ्यात मोठ्या कोड्याने त्यांना हुलकावणी दिली. पण भूमितीच्या प्राध्यापकाने वाट वाकडी करून लिहिलेली ती चार पानं आजही रोज कामाला येतात. पुढच्या वेळी त्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी हा पर्याय दिसला, तर ठाकूरद्वारचा तो रस्ता ओलांडणारा माणूस आठवा. सूत्र आपोआप आठवेल.