गोपाळराव जोशी
गोपाळ विनायक जोशी हे टपाल खात्यातील कर्मचारी व डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती होत. १८७४ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नीच्या शिक्षणाचा त्यांनी हट्टाने पाठपुरावा केला. १८८७ मध्ये आनंदीबाईंचे निधन झाले.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळी उपस्थित होती. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला केवळ स्पर्श केला. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली. ख्रिस्ती मिशनमधील चहापान धर्मबाह्य मानून सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभे केले; प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले. पुढे टिळक व रानडे या दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. आक्षेप चहावर नव्हता, तो देणाऱ्या हातावर होता. पेलाभर चहाने सुधारकांच्या निर्धाराची कसोटी पाहिली.