लीळाशोधक पंडित म्हाइंभट

परमेश्वरकृपेने मनुष्यदेह लाभला, उपदेश झाला, नित्यविधी सुरू झाला, तरी काही काळाने पुष्कळ साधकांच्या मनास एक प्रकारचा शीण येतो. तेच स्मरण, तेच पारायण, तीच भिक्षा, तोच प्रपंच. वासनिकास घरकामाचा आणि संन्याशास आचाराचा कंटाळा येऊ लागला म्हणजे विकल्पाला वाट सापडते. अशा वेळी पंडित म्हाइंभटांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे.

म्हाइंभट हे गोदातीराजवळील सराळे येथील राहणारे. गणपती आपयो यांच्यासारख्या श्रेष्ठ विद्वानाकडे त्यांचे अध्ययन झाले. प्रभाकर-मीमांसेत त्यांचा अधिकार मोठा. घरी संपन्नता, बाहेर लौकिक आणि वादसभेत जय, असे त्यांचे जीवन चालले होते. वरवर पाहता यात उणे काहीच नव्हते. परंतु एक वाद जिंकावा आणि दुसऱ्याची वाट पाहावी, हीही एक चाकोरीच होय. जोत्याला जुंपलेला बैल दिवसभर चालतो, पण खळ्याबाहेर जात नाही. ज्ञान अंतःकरणात न उतरता जिव्हेवरच राहिले तर विद्वानाची गतीही तशीच होते.

अशा अवस्थेत ते डोमेग्राम येथे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या दर्शनास आले, ते विद्येचा अभिमान घेऊनच. मुमुक्षूची शास्त्रोक्त लक्षणे त्यांना मुखोद्गत होती. ती लक्षणे आपल्या ठायी आहेत काय, हा प्रश्न मात्र स्वामींच्या सन्निधानी त्यांच्यापुढे प्रथमच उभा राहिला. त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नव्हते, ते स्वतःतच पाहावे लागणार होते. म्हाइंभटांनी ते प्रामाणिकपणे पाहिले आणि त्यांचा अभिमान गळाला. प्रश्न दुसऱ्यास निरुत्तर करण्यासाठी विचारण्याचे दिवस संपले. स्वतःच्या उद्धारासाठी विचारण्याचे सुरू झाले.

इ. स. १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तपरिवारावर वियोगाचे दुःख कोसळले. आचार्य श्रीनागदेव आणि इतर भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आले. घरदार मागे टाकून म्हाइंभटही तेथे आले आणि आचार्यांचे अनुयायी झाले. स्वामी दृष्टीसमोर नाहीत, आणि दिवसामागून दिवस तर उगवतातच. हे दिवस कशाने भरावयाचे, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता. आचार्यांनी तो स्मरणाने सोडविला. ते एकांती बसून स्वामींच्या लीळा आठवीत. म्हाइंभटांनी त्यांना त्याविषयी विचारले, तेव्हा या लीळा लिहून ठेवाव्यात असा विचार पुढे आला. आचार्यांची संमती मिळाली आणि इ. स. १२७८च्या सुमारास रिद्धपुरातील वाजेश्वरी येथे लीळाचरित्र सिद्ध होऊ लागले.

येथेच म्हाइंभटांची थोरवी दिसते. आचार्यांनी सांगावे आणि आपण लिहावे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. जी लीळा ज्याच्या अनुभवास आली, त्याच्याकडे जाऊन ती समजून घ्यावी, असा त्यांनी नेम केला. गावोगाव हिंडावे, ज्यांनी पाहिले त्यांना विचारावे, ज्यांनी ऐकले त्यांच्याकडून पडताळावे, आणि मग आचार्यांपुढे ठेवावे. वादसभेत प्रतिपक्षाच्या वचनातील छिद्र हुडकणारी ती तीक्ष्ण बुद्धी आता स्वामींचा एकही शब्द उणाअधिक होऊ नये म्हणून झटू लागली. महापंडित साध्यासुध्या वृद्ध स्त्रीपुढे श्रोता होऊन बसला आणि तिने जसे सांगितले तसेच, तिच्याच मराठीत, लिहून घेतले. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनी याच निष्ठेने लिहिले.

या श्रमात त्यांना कंटाळा का आला नाही? विषय तर एकच होता. त्याचे उत्तर असे की, सत्य जाणण्याची तळमळ असली म्हणजे तीच लीळा प्रत्येक वेळी नवी होते. कोणी स्थळ सांगतो, कोणी प्रसंग सांगतो, कोणास स्वामींची मुद्रा आठवते. विचारणाऱ्याची श्रद्धा यामुळे ढळत नाही, उलट दृढ होते. आपल्या देवाविषयी खरे तेच जाणावे, हा भक्तीचाच एक प्रकार आहे.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, आणि जेथे पाठ भिन्न आढळले तेथे ते भेद झाकून न ठेवता शोध म्हणून नोंदविले गेले. म्हाइंभटांनी लावलेले वळण असे मार्गात रुजले. केशिराजबासांनी याच ग्रंथातून सूत्रे वेचली आणि सूत्रपाठ सिद्ध झाला. एका पुरुषाच्या शोधक श्रद्धेवर सर्व मार्गाचे शास्त्र उभे राहिले.

म्हणून ज्या साधकास नित्यस्मरण शुष्क वाटू लागले असेल, त्याने पारायणाची संख्या वाढविण्यापूर्वी एकच लीळा घ्यावी. ती कोठे झाली, कोणास उद्देशून झाली, कोणत्या निमित्ताने झाली, हे विचारावे. जाणत्या महंतांकडे जाऊन शंका पुसावी. जमल्यास त्या स्थानास जाऊन दंडवत घालावे. आणि शेवटी डोमेग्रामी म्हाइंभटांपुढे उभा राहिलेला प्रश्न स्वतःस विचारावा, की यातील काय माझ्या ठायी आले आहे? त्याचे उत्तर बहुधा लाजविणारे येईल. ती लाज घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा स्मरणास बसावे, म्हणजे ते स्मरण कालचे उरणार नाही.

दंडवत प्रणाम.